नॉर्थव्हिल-प्लॅसिड ट्रेल करायचाय? मग चिखलाची तयारी करा

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅक्स डोंगरांमधला हा लांब पायवाटेचा ट्रेल, 138 मैल म्हणजे साधारण 222 किमी, जंगल आणि तळी, तळी आणि जंगल. न्यूजर्सीकडची आपली मंडळी नकाशा बघतात आणि म्हणतात ह्यात चढ कुठाय, सोपाय की! सगळ्यात उंच जागा जेमतेम 3000 फूट, हे खरं, पण इथे दम निघतो तो चिखलात.

जायचं कधी? मे मध्यापासून जूनभर अजिबात नको, ब्लॅकफ्लाय (चावऱ्या बारीक माश्या) फोडून काढतात. ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर बेस्ट. दोन आठवडे हाताशी ठेवा, दक्षिणेकडून उत्तरेकडे चला, बरेच जण तसंच करतात.

आता चिखल. बूट वाचवायला कडेकडेने जायचा मोह होतो, पण त्याने वाट रुंद होत जाते आणि शेवटी पाय भिजायचा तो भिजतोच, तेव्हा सरळ मधून जा, आधी काठी खुपसून खोली बघा. वॉटरप्रूफ बूट घेऊ नका, आत पाणी गेलं की दिवसभर डबकं घेऊन चालायचं, त्यापेक्षा जाळीचे ट्रेल रनर (धावायचे हलके बूट) लवकर वाळतात. लोकरीचे मोजे, आणि एक जोड फक्त झोपायला, तो काही झालं तरी ओला करायचा नाही. दलदलीवर ओंडके टाकलेले असतात ते शेवाळलेले असतात, त्यावर पाऊल आडवं टाका, काठीचं टोक ओंडक्यावर नको, सटकतं, बाजूच्या चिखलात रोवा. बीव्हरने (ओढ्यावर फांद्यांचे बांध घालणारा प्राणी) बांध घालून वाट बुडवली असेल तर बऱ्याचदा त्या बांधावरूनच पलीकडे जावं लागतं, ट्रेलच्या निळ्या खुणा पलीकडे दिसल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

झोपायला तीन भिंतींचे लीन-टू, म्हणजे एका बाजूने उघडे निवारे, आहेत, फुकट, पण कोणी आलं तर जागा द्यायची. तंबू नेलाच पाहिजे, आणि खूण केलेली जागा नसेल तर वाट आणि पाण्यापासून 150 फूट लांब लावा. तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसो, फिल्टर करूनच प्यायचं.

खाणं: थेपले तीन-चार दिवस टिकतात, पुढे फोडणी घालून भाजलेला उपम्याचा रवा, मेतकूट, चिक्की. हे सगळं, टूथपेस्टसकट, बेअर कॅनिस्टरमध्ये (अस्वलाला न उघडणारा डबा), अस्वलाला हिंगाचं वावडं नाही. वाटेवरच्या पायसेको आणि लाँग लेक या गावांच्या पोस्टात स्वतःच्या नावाने पार्सल पाठवता येतं, फक्त पोस्टाच्या वेळा आधी फोन करून विचारा. मधला वेस्ट कॅनडा लेक्सचा पट्टा सगळ्यात निर्जन, माझ्या मते सगळ्यात भारीही तोच, तिथे घाई करू नका.

कपड्यांना घरूनच परमेथ्रिन (गोचिडी मारणारं औषध) मारा, आणि रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत टॉर्च मारून गोचिडी बघा, कितीही झोप आली असली तरी.