ग्राफिक्स कार्डचे दुहेरी सॉफ्टवेअर काढण्यापूर्वीची तयारी

संगणकातील प्रोग्रामची यादी उघडल्यावर एनव्हिडिया या ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) बनवणाऱ्या कंपनीच्या नावाच्या पाच-सहा नोंदी, त्यांच्या शेजारी इंटेलच्या दोन आणि खाली एएमडीची एक दिसली, की यांतल्या निम्म्या तरी जादा असाव्यात अशी शंका येते. काहीही काढण्यापूर्वी पहिली गोष्ट ठरवावी ती ही, की त्रास नेमका कोणता आहे. पडदा मध्येच काळा होतो, गेम सुरू होताच बंद पडतो, किंवा नियंत्रणाचे सॉफ्टवेअर उघडताना ते ड्रायव्हरशी, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरशी, जुळत नसल्याचा संदेश येतो, ही कारणे पुरेशी आहेत. यादी लांबलचक दिसते, एवढ्यावरून मात्र हात घालू नये. काहीच बिघडलेले नसेल तर यादी मिटून टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्रास खरोखर असेल, तर पुढची पायरी म्हणजे संगणकात ग्राफिक्सची साधने किती आहेत ते पाहणे. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि त्यातील डिस्प्ले अडॅप्टर्स ही शाखा उलगडावी. तेथे दोन नावे दिसली म्हणजे दोन साधने आहेत, आणि दोन साधनांना दोन ड्रायव्हर लागणारच. लॅपटॉपमध्ये तर ही नेहमीची रचना आहे: साध्या कामासाठी प्रोसेसरमधले ग्राफिक्स आणि जड कामासाठी वेगळे कार्ड. एनव्हिडियाने 2010 मध्ये ऑप्टिमस नावाने आणलेल्या पद्धतीत लॅपटॉपचा पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो आणि कार्डाने तयार केलेले चित्रही त्याच्याच मार्फत पडद्यावर येते. अशा यंत्रातून ‘माझ्याकडे तर एनव्हिडियाचे कार्ड आहे’ असे म्हणून इंटेलचा ड्रायव्हर काढला, तर विंडोज स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टरवर उतरते आणि पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळाही निकामी होतात. डेस्कटॉपच्या बाबतीतही गृहीत धरू नये. एएमडीच्या रायझन 7000 मालिकेतील बहुतेक प्रोसेसरमध्ये छोटे ग्राफिक्स असतेच, त्यामुळे एनव्हिडियाचे कार्ड असलेल्या संगणकात एएमडीची नोंद असणे मुळीच वावगे नाही. उलट इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी एफ हे अक्षर असेल तर त्यात ग्राफिक्स नसते, आणि तेथे आढळणारा इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर बहुधा आधीच्या प्रोसेसरचा उरलेला असतो.

यानंतर यादीतील नोंदींची ओळख पटवावी. बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो, म्हणून येथे घाई करू नये. एनव्हिडियाच्या नोंदींत ग्राफिक्स ड्रायव्हर हा मुख्य असतो. एचडी ऑडिओ ड्रायव्हर हा एचडीएमआयच्या तारेतून टीव्हीला किंवा मॉनिटरला आवाज पोहोचवतो. फिजएक्स काही जुन्या गेमना लागते. एनव्हिडिया ॲप हे सेटिंग्ज बदलण्याचे आणि नवे ड्रायव्हर आणण्याचे सॉफ्टवेअर असून 2024 च्या नोव्हेंबरमध्ये त्याने जीफोर्स एक्सपिरियन्सची जागा घेतली. ही चारही नावे एकाच कंपनीची असली तरी एकमेकांच्या प्रती नव्हेत. इंटेलच्या बाबतीत ड्रायव्हर वेगळा आणि त्याचे नियंत्रण करणारे ॲप वेगळे. एएमडीकडे दोन्ही ॲड्रेनॅलिन नावाच्या एकाच संचात येतात. मात्र 2015 पर्यंतच्या कॅटॅलिस्ट कंट्रोल सेंटरची नोंद नव्या कार्डाच्या संगणकात अजून रेंगाळत असेल तर ती जुनी उरलेली समजावी. याच यादीत व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबलच्या 2010, 2012, 2013 अशा सालांच्या, 32 आणि 64 बिटच्या मिळून आठ-दहा नोंदी दिसतात. त्या ग्राफिक्सच्या नाहीत आणि दुहेरीही नाहीत. वेगवेगळे प्रोग्राम वेगवेगळ्या सालची आवृत्ती मागतात, म्हणून त्यांना हात लावू नये.

आवृत्तीचा क्रमांक पाहून फसगत होण्याचीही शक्यता असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर दोनदा क्लिक करून ड्रायव्हर हा टॅब उघडला, की एनव्हिडियाच्या कार्डासाठी 32.0.15.6094 असा काहीतरी लांब आकडा दिसतो, तर एनव्हिडियाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये 560.94 असे लिहिलेले असते. दोन आकडे म्हणजे दोन ड्रायव्हर, असा निष्कर्ष काढू नये. लांब आकड्यातील शेवटचे पाच अंक, म्हणजे 56094, घेऊन त्यांतल्या तिसऱ्या अंकापुढे टिंब दिले की तोच क्रमांक मिळतो. ही पडताळणी कागदावर करून क्रमांक लिहून ठेवावा, कारण परत फिरण्याची वेळ आली तर याच आवृत्तीची गरज पडेल.

आता खरोखर जादा काय असू शकते ते पाहू. लॅमिंग्टन रोडवरून एएमडीचे जुने कार्ड देऊन एनव्हिडियाचे आणले, नवे बसवले, चित्र दिसू लागले आणि आधीच्या कार्डाचे सॉफ्टवेअर तसेच राहिले, असा प्रकार सर्रास आढळतो. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतील शो हिडन डिव्हायसेस हा पर्याय निवडल्यावर डिस्प्ले अडॅप्टर्समध्ये फिकट दिसणारे नाव हे बहुधा अशाच काढून टाकलेल्या कार्डाचे असते, आणि तशी खात्री झाल्यावर त्याचे सॉफ्टवेअर काढावे. दुसरा प्रकार पंखा आणि वेग यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्रोग्रामचा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि असूसचे जीपीयू ट्वीक ही दोन्ही एकाच वेळी चालू असतील, तर एकच पंखा दोघांच्या हुकमाखाली येतो. त्यांपैकी एक ठेवावे. तिसरा प्रकार विंडोज अपडेटमुळे होतो. एएमडीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने स्वतः टाकलेला ड्रायव्हर विंडोज अपडेट परस्पर बदलते, वरचे सॉफ्टवेअर मात्र तेच राहते, आणि मग दोन्ही जुळत नसल्याचा संदेश येतो. येथे वस्तू दोन नसतात, एकाच संचाचे दोन भाग वेगवेगळ्या आवृत्तीचे झालेले असतात, आणि उपाय म्हणजे पूर्ण संच पुन्हा टाकणे.

डिस्कवरील जागाच मोकळी करायची असेल, तर आधी सी ड्राइव्हच्या मुळाशी एनव्हिडिया किंवा एएमडी नावाचे फोल्डर आहे का ते पाहावे. ड्रायव्हर टाकताना सेटअपने उलगडलेल्या फायली तेथे पडून राहतात आणि त्या काढल्याने चालू ड्रायव्हरला धक्का लागत नाही. विंडोजच्या सिस्टिम32 मधील ड्रायव्हरस्टोअर फोल्डर मोठे दिसते म्हणून त्यातून हाताने फायली काढण्याचा मोह मात्र टाळावा. ज्याला ते काम करायचेच आहे त्याने पीएनपीयुटिल या विंडोजच्याच आज्ञेचा वापर करावा आणि वापरातला ड्रायव्हर काढायला ती नकार देत असेल तर तिच्यावर सक्ती करू नये.

काढायचे ठरले, तर बटण दाबण्यापूर्वीची तयारी अशी असावी. सर्वप्रथम नव्या ड्रायव्हरची पूर्ण सेटअप फाइल डाउनलोड करून डिस्कवर आणि शक्य तर पेन ड्राइव्हवरही ठेवावी. लॅपटॉप असल्यास ती लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून, नेमक्या मॉडेलची घ्यावी. कार्ड जुने असेल तर सर्वांत ताजी आवृत्ती आपली नसते हे ध्यानात घ्यावे: जीफोर्सच्या 600 आणि 700 मालिकेतील केप्लर बांधणीच्या कार्डांसाठी 470 ही ड्रायव्हर-आवृत्त्यांची शेवटची शाखा आहे, आणि त्यापुढचा सेटअप त्या कार्डाला ओळखतच नाही. मग रिस्टोर पॉइंट, म्हणजे विंडोजला आजच्या स्थितीत परत आणण्याची सोय, तयार करावा; त्यासाठी लागणारे सिस्टिम प्रोटेक्शन अनेक संगणकांवर बंदच असते, म्हणून ते चालू असल्याची आधी खात्री करावी. डिस्क बिटलॉकरने किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने, म्हणजे विंडोजच्या कुलुपाने, सुरक्षित केलेली असेल, तर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालते त्या अवस्थेत) शिरताना 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच शोधून कागदावर उतरवावी, कारण ती त्याच संगणकात जपून ठेवली असेल तर ऐन वेळी काहीच उपयोग नाही. विंडोजमध्ये शिरताना पिनवर विसंबून खात्याचा पासवर्ड विसरला असेल तर सेफ मोडसाठी तोही आठवून ठेवावा. रंगांची, रिफ्रेश रेटची (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते त्याची) आणि प्रत्येक गेमसाठी वेगळी केलेली सेटिंग्ज पुसली जातात, म्हणून त्यांची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वीज जाण्याच्या वेळा टाळाव्यात. लग्नसराईत कुणाच्या व्हिडिओचे एडिटिंग अर्ध्यावर असेल तर ते काम देऊन होईपर्यंत हा बेत पुढे ढकलावा.

पद्धत निवडताना सौम्य उपायापासून सुरुवात करावी. एनव्हिडियाच्या सेटअपमध्ये कस्टम निवडल्यावर क्लीन इन्स्टॉलेशनची चौकट मिळते आणि एएमडीच्या सेटअपमध्ये फॅक्टरी रीसेटचा पर्याय असतो. बहुतेक तक्रारी तेवढ्याने मिटतात. त्यानंतरही भागले नाही, किंवा एका कंपनीचे कार्ड जाऊन दुसरीचे आले असेल, तरच डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन किंवा एएमडीची क्लीनअप युटिलिटी हाती घ्यावी. ही साधने सेफ मोडमध्ये चालवावीत आणि त्याआधी इंटरनेट तोडावे, नाहीतर आपण नवा ड्रायव्हर टाकेपर्यंत विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा एखादा आणून बसवते. काढल्यानंतर अक्षरे मोठी आणि चित्र भुरकट दिसते. तो बिघाड नव्हे.

नवा ड्रायव्हर टाकून संगणक पुन्हा सुरू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण नाही ना, 144 हर्ट्झचा मॉनिटर 60 वर तर उतरला नाही ना, एचडीएमआयमधून आवाज येतो का आणि लॅपटॉपच्या उजेडाच्या कळा चालतात का, एवढे तपासावे आणि मगच इंटरनेट जोडावे. आठवडाभर मूळ तक्रार परतली नाही तर रिस्टोर पॉइंट काढला तरी चालेल. सेटअपची फाइल मात्र पेन ड्राइव्हवर राहू द्यावी, विशेषतः कार्ड जुन्या शाखेतले असेल तर.