चक्करेसाठी व्हीआर व्यायाम: सुरुवात बसूनच
फिजिओथेरपिस्टने तोल सुधारण्यासाठी व्हीआर व्यायाम (डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी दृश्य बघत करायचे) सांगितले असतील, तर आधी हात असलेल्या खुर्चीत बसूनच करा. हेडसेट लावला की खरी खोली दिसत नाही, पडण्याचा धोका तिथेच. उभं राहायची वेळ आली की पाठीमागे भिंतीचा कोपरा, पुढे जड खुर्ची आणि शेजारी घरातलं कुणीतरी हवंच. पायाखालची सतरंजीही काढा. दृश्य सावकाश हलणारं निवडा, रोलरकोस्टर नकोच. २-३ मिनिटं पुरे. थोडं गरगरलं तर घाबरू नका, त्यातूनच मेंदू जुळवून घ्यायला शिकतो. पण १५-२० मिनिटांत ओसरलं नाही, तर पुढच्या खेपेला वेळ कमी करा. अंथरुणात कूस बदलताना क्षणभर खोली फिरते? मग आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आतल्या कानातले कण सरकल्याने येणारी चक्कर बहुतेकदा डोकं ठरावीक क्रमाने वळवूनच थांबते, हेडसेट लागतच नाही.