जुनं नाणं पिवळं पडलंय की त्याला मुलामा दिलाय, कसं ओळखायचं?

लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यातला राणी छाप रुपया बाहेर निघाला की घरात कुणीतरी म्हणतंच, अगं हा पिवळा दिसतोय, सोन्याचा तर नाही ना? आज्जीचा असाच एक रुपया मी हुशारी करून चिंच लावून घासला, पिवळेपणा गेला पण राणीच्या केसांचं बारीक कामपण गेलं. त्यामुळे चिंच, पितांबरी, टूथपेस्ट काहीच लावू नका, आधी नुसतं बघा.

पूजेतलं नाणं असेल तर पहिला संशय हळदीवर. डागावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका, लालसर झाला तर हळदच आहे, मग साध्या पाण्यात धुवायचं अन् मऊ कापडाने टिपून घ्यायचं, रगडायचं नाही.

हळद नसेल तर भिंग घ्या अन् उन्हात तिरकं धरा. चांदी हवेतल्या गंधकाने रंग बदलते, आधी फिकट पिवळी, मग तपकिरी, जांभळी-निळी, शेवटी काळी. रबरबँड लावून किंवा लोकरीच्या कपड्यात ठेवलेली नाणी जास्त लवकर अशी होतात. हा रंग एकातून दुसऱ्यात हळूहळू मिसळत जातो, कडेला वेगळा अन् मधे वेगळा. मुलाम्याचं तसं नसतं, तो सगळीकडे एकसारखा असतो अन् गाल, केस, अक्षरांची टोकं अशा उंच भागावर घासून आतला धातू दिसतो, खाचांत मात्र चकाकी टिकून राहते. कडेवरच्या रेघा पण अशाच घासल्यात का बघा. आणि कडेला डाख लावल्याची (झाळून जोडल्याची) किंवा कडी काढल्याची खूण असेल तर ते नाणं हारात होतं असं समजा, हारासाठी रुपयाला सोन्याचं पाणी द्यायचे लोक.

तांब्याचा पाव आणा पांढरा चकचकीत दिसला तर चांदीचा म्हणून उड्या मारू नका, पूर्वी पोरं पारा चोळून पैसा पांढरा करायची. पारा विषारी असतो, असलं नाणं हातात खेळवत बसू नका.

आणि कधीकधी रंग धातूचाच असतो, त्याला कुणी काही केलेलं नसतं. 1942 ते 1945 चे आणे निकेल-पितळेचे, म्हणून पिवळे, तर 1946-47 चे पांढरे. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर कुणी पिवळा आणा "लै दुर्मिळ" म्हणून दाखवला तर हसून पुढे जा.

रंगावरून ठरत नसेल तर वजन करा. व्हिक्टोरियाचा, म्हणजे राणी छाप रुपया 11.66 ग्रॅम, झिजून थोडा कमी भरेल. पण नुसत्या वजनावर जाऊ नका, वाटीभर पाणी दशांशानंतर दोन आकडे दाखवणाऱ्या छोट्या वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. अस्सल असेल तर काटा 1.13 ग्रॅमच्या आसपास दाखवेल, पितळेवर चांदी चढवलेलं त्याच वजनाचं नाणं 1.37 च्या जवळ जाईल. फक्त खऱ्या रुपयाला सोन्याचं पाणी दिलं असेल तर तो इथे पासच होतो, तिथे भिंगच कामाला येतं. चुंबक पण लावून बघा, चांदी चिकटत नाही, पण 1947 चा रुपया निकेलचा आहे, तो चिकटणारच.

एवढं करूनही शंका राहिली तर सराफाकडे जा, पण हातात देण्याआधीच सांगा, मामा, कसोटीवर घासायचं नाही हां.