एटीव्ही आणि डांबरी रस्ता

टोकावड्याजवळ आमची शेती माळशेज रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे. शेतात फिरायला एटीव्ही आहे, म्हणजे जाड टायरांची, हँडलने वळवायची छोटी चारचाकी. शनिवारी ठाण्याहून भाचरं आली की मागणी ठरलेली, "मामा, एटीव्हीवर टपरीपर्यंत जाऊन येऊ?" मी पाठवत नाही.

खरं कारण मागच्या चाकांत आहे. आमच्या गाडीची मागची दोन्ही चाकं एकाच सलग एक्सलवर आहेत, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण दोन्ही सारखीच फिरतात. मातीत एखादं चाक जरा घसरतं आणि भागून जातं. डांबरावर दोन्ही घट्ट पकडतात, हँडल वळवलं तरी गाडी सरळच रेटते. मग घाबरून माणूस आणखी जोरात वळवतो, आणि उंच, आखूड गाडी उलटायला तेवढं पुरतं. टायरमध्ये हवाही जेमतेम 4 ते 7 पीएसआय असते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर बघा आणि कमी दाबाचा गेज जवळ ठेवा, पंक्चरवाल्याच्या गेजवर एवढा दाब धड कळत नाही.

आमच्या एटीव्हीसारखं नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर काढायला 1988 चा मोटार वाहन कायदा परवानगी देत नाही, गावातला रस्ताही त्यातच आला. अल्पवयीन मुलाच्या हाती दिली, तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग पलीकडच्या शेतात कशी न्यायची? टेम्पोत घालून. गाडी चढवायच्या दोन्ही फळ्या टेम्पोला पट्ट्याने बांधा, नाहीतर चढताना मागे सरकतात. खालच्या गिअरमध्ये हळू चढवा, मागे कुणालाही उभं करू नका. वर गेल्यावर हँडब्रेक लावून गाडीचे चारही कोपरे पट्ट्यांनी आवळा.

शेतात चालवतानाही रस्त्याचं भान हवंच. रस्त्यालगतच्या बांधावरून गाडी नेऊ नका. वळायची जागा बरीच आत ठेवा, आम्ही तिथे चुना मारलेले दगड मांडलेत. हेल्मेट प्रत्येक वेळी, आणि एका सीटच्या गाडीवर एकच माणूस. अंधार पडला की हेडलाइट रस्त्याकडे रोखून थांबू नका, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त जपायचं ते चिखलाला. घाटाकडे जाणाऱ्या दुचाकींची तेव्हा रीघ असते, आणि टायरमधून रस्त्यावर पडलेलं एक ढेकूळही त्यांना घसरवायला पुरे. टेम्पोत चढवण्याआधी टायर पाइपने धुवा. तरी चिखल पडलाच, तर फावडं घेऊन लगेच काढा.