वजनाचा काटा अडला म्हणून चालणं सोडू नका

पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी उतरतो आणि माणूस हरखून जातो. तिसऱ्या आठवड्यात तोच काटा हलत नाही आणि बरेच जण तिथंच हाय खातात. खरं तर सुरुवातीला गेलेलं बरंचसं पाणीच असतं. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या, एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, खाणं कमी झालं की आधी ते निघून जातं. चरबी सावकाश उतरते. आठवड्याला अर्धा किलो गेला तरी उत्तम समजा.

उलटही होतं. रात्री पापड, लोणचं, खारे दाणे झाले की मिठामुळे पाणी धरतं आणि सकाळी काटा किलोभर वर दिसतो. किलोभर चरबी साठायला सात हजारांहून जास्त कॅलरी वरच्या खाव्या लागतात, तेवढ्या एका रात्रीत पोटात गेलेल्या नसतात. पाळीच्या आधीही वजन असंच चढतं.

म्हणून रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहाच्या आधी वजन करा. सात दिवसांची बेरीज करून सातानं भागा आणि हा आकडा फक्त मागच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून बघा. रोज बघून जीव खालीवर होत असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी करा. पंधरा दिवसांनी टेपनं बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. श्वास सोडलेला हवा आणि टेप कातडीत रुतता कामा नये. काटा अडलेला असतानाही कंबर कमी झालेली दिसू शकते.

साताऱ्यात आणखी एक मोजमाप हाताशी आहे. अजिंक्यतारा चढताना किती मिनिटं लागली आणि किती वेळा थांबावं लागलं, ते वहीत टिपून ठेवा. महिन्यानं त्याच वाटेनं पुन्हा चढा. दम कमी लागला की जो हुरूप येतो, तो काट्यावरच्या आकड्यानं येत नाही. गुडघे दुखत असतील तर सपाटीवरच चाला.

‘महिन्यात चार किलो’ हे आपल्या हातात नसतं. रात्री जेवल्यावर वीस मिनिटं चालणं हातात असतं, आणि कंटाळा आला त्या दिवशी निदान दहा. पावसाळ्यात इथं संततधार लागते आणि सवय तिथंच मोडते. तेव्हा जिना की घरातल्या घरात फेऱ्या, हे मे महिन्यातच ठरवून टाका.

कंदी पेढ्यावर कायमची बंदी घालू नका. शपथ मोडली की एकावर थांबणं जड जातं. जेवण झाल्यावर, बसून, एक पेढा खा आणि बॉक्स नजरेआड ठेवा. लग्नात जास्त जेवलात तर दुसऱ्या दिवशी उपास काढू नका, संध्याकाळी भुकेपोटी भज्यांवर हात जातो. पुढचं जेवण नेहमीचंच घ्या: भाकरी, पालेभाजी, आमटी, ताक. खरं नुकसान करतं ते ‘आता बिघडलंच, सोमवारपासून बघू’ हे वाक्य.

‘घे गं, एवढ्यानं काय होतंय’ म्हणणारी माणसं मायेचीच असतात. त्यांना ताट वाढायच्या आधीच सांगा, ‘मावशी, आज आग्रह नको, लागलं तर मीच मागून घेईन.’ मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते.