म्हातारपण समजून सोडून देऊ नका: अँटिकोलिनर्जिक गोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्या की तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखं बडबडतो. या बियांतलं अ‍ॅट्रोपीन हे अँटिकोलिनर्जिक औषध डॉक्टरही वापरतात. फवारणीतल्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांच्या विषबाधेत त्याने जीव वाचतात.

शरीरातलं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन लाळ सोडवतं, घाम आणतं, आतडी हलवतं, मूत्राशय आवळतं. मेंदूत स्मरणाला मदत करतं. अँटिकोलिनर्जिक औषधं त्याची जागा अडवतात. म्हणून पोटातल्या कळेला डायसायक्लोमिन, सारखी लघवी लागते तिथे सॉलिफेनासिन, सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजारात टायोट्रोपियमचा पंप, पार्किन्सनच्या कंपाला ट्रायहेक्सिफेनिडिल.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक गोळी सुटी मोजणं. आजोबा सारखी लघवी लागते म्हणून एक घेतात, नसांच्या दुखण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, त्यात सर्दीला मेडिकलमधून आणलेली क्लोरफेनिरामिनची गोळी. तिन्ही वेगवेगळ्या दुखण्यांवरच्या, पण तिन्हींचा अ‍ॅसिटिलकोलीन अडवण्याचा परिणाम साचत जातो. मग बद्धकोष्ठ, अंधुक दिसणं, तोल जाणं, रात्री घरच्यांना न ओळखणं. घरात म्हणतात, वय झालं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण औषध बदललं की यातलं बरंचसं निवळू शकतं. विसराळूपणासाठी डोनेपेझिल चालू असेल आणि शेजारी लघवीची ही गोळी, तर एक अ‍ॅसिटिलकोलीन वाढवते आणि दुसरी त्याचंच काम अडवते. प्रत्येक डॉक्टरकडे जाताना गोळ्यांची अख्खी पिशवी न्या, सर्दीची गोळी आणि सिरपसकट.

काचबिंदू किंवा वाढलेलं प्रोस्टेट असेल तर विचारण्याआधीच सांगा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पोटदुखीसाठी डायसायक्लोमिनचे थेंब देऊ नका. श्वास अडखळू शकतो. वैशाखाच्या उन्हात या गोळ्या घेणाऱ्याला घाम कमी येतो, अंग तापतं, उष्माघाताचा धोका वाढतो.

घाबरून सगळं एकदम बंद करणं हीही चूकच. रोजच्या काही गोळ्या हळूहळू उतरवाव्या लागतात, ते डॉक्टरच ठरवतील. मात्र लघवी तुंबली, डोळा लाल होऊन ठणकू लागला, अंग तापून कोरडं पडलं किंवा अचानक भ्रम झाला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा.