फायबर बोटीचा कुजलेला ट्रान्सम बदलताय? या चुका टाळा

"लाकडाचो चोथो झालो हा रे!" देवबागच्या किनाऱ्यावर मिस्त्रीकाकांनी ड्रिल बाहेर काढलं आणि पात्याला चिकटलेला भुसा माझ्या तळहातावर ठेवला. गाळून टाकलेल्या चहाच्या पावडरीसारखा काळपट, ओला. चिमटीत दाबला तर पाणी सुटलं. बाहेरून बोट चकाचक दिसत होती. वीस फुटी, मागे ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, मागच्या फळीवर साधी भेगसुद्धा नाही.

वाईट वाटायचं कारण वेगळंच होतं. हा ट्रान्सम, म्हणजे इंजिन जिच्यावर बसतं ती मागची फळी, तीन सीझनपूर्वीच नवा केला होता, दुसऱ्या एका कारागिराकडून. प्लाय चांगला वापरलेला, फायबरचे लेअरही जाड. मग बिघडलं कुठे? इंजिनाचे बोल्ट काढले तेव्हा उत्तर मिळालं. भोकाच्या आत बॅटरी मारली तर प्लायची कड उघडीच्या उघडी. ना रेझिन, ना पुट्टी. बोल्टभोवती बाहेरून थोडं सिलिकॉन फासलेलं, तेही सोलून आलेलं. माणसाने फळी बदलली, पण पाणी जिथून येत होतं तो रस्ता तसाच ठेवला. ट्रान्समची कामं फसतात त्यातली बरीचशी अशीच फसलेली मी पाहिली आहेत.

मुळात कुजतं ते पावसाच्या पाण्याने

ट्रान्सम म्हणजे सँडविच. बाहेर फायबरची एक कातडी, आत एक आणि मध्ये प्लाय. प्लायचं काम दोन कातड्यांमधलं अंतर राखायचं आणि बोल्टचा दाब झेलायचं. थ्रॉटल दिलं की प्रोपेलर खालून पुढे रेटतो. त्यामुळे इंजिनाच्या ब्रॅकेटची खालची कड फळीत दाबली जाते आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. प्लाय मऊ झाला की या ओढाताणीत दोन्ही कातड्या आपापल्या हलायला लागतात.

आपल्याकडे सगळे खाऱ्या पाण्याला दोष देतात. खरं तर मीठ कुजवणाऱ्या बुरशीला मानवत नाही. लाकूड खातं ते गोडं पाणी आणि सोबतीला हवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पर्यटनाच्या बोटी तर आणखी जास्त दिवस वर ओढलेल्या असतात. म्हणजे ऐन पावसात बोट ताडपत्रीखाली पडून, मागच्या खळग्यात (इंजिनापुढच्या खोलगट जागेत) पाणी साचलेलं आणि ते पाणी बोल्टच्या भोकांतून, पाणी काढायच्या ड्रेनच्या भोकातून, फिश फायंडरच्या (मासे शोधणाऱ्या यंत्राच्या) स्क्रूमधून हळूहळू प्लायमध्ये झिरपतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी तग धरत नाही. आपल्या पावसाळ्यात उघडा प्लाय त्या आकड्याखाली राहणं अवघड.

तपासणीतच फसगत

हातोडीच्या दांड्याने ठोकून बघणं चांगलं. टणक आवाज आला तर बरं, थप्प आला तर संशय घ्या. पण जाड फायबरमागे सडलेला प्लायही कधीकधी ठीक वाजतो. ओलावा मोजायच्या मीटरवर पूर्ण भरवसा ठेवू नका, फायबरवर सुकलेलं मीठ किंवा आतली धातूची पट्टी लागली की तो काहीही दाखवतो. इंजिन वर टिल्ट करून खालच्या भागाला धरून वजन टाका आणि दुसऱ्याला फळीकडे बघायला सांगा. फळी हलताना डोळ्यांना दिसली की समजा. ट्रान्सम आणि बाजूच्या भिंतीच्या कोपऱ्यात जाळीसारख्या भेगा असतील, बोल्टचे वॉशर आत रुतले असतील, तर लाकूड गेलेलं आहे.

शेवटचा न्याय ड्रिलचा. आतल्या बाजूने ६ मिलिमीटरची चार-पाच भोकं पाडा, त्यातली निदान दोन अगदी तळाशी, ड्रेनच्या आसपास. लोक हमखास वर, इंजिनाजवळ तपासतात आणि कोरडा भुसा बघून खूश होतात. पाणी खाली जातं हो. भोकं नंतर इपॉक्सीने (हार्डनर घालून कडक होणाऱ्या रेझिनने) बुजवायची, विसरायचं नाही.

"भोकं पाडून पातळ इपॉक्सी सोडू या"

हा उपाय प्रत्येक बंदरावर कोणीतरी सुचवतोच. ओल्या लाकडात इपॉक्सी शिरत नाही, वरवर चिकटते आणि आतलं पाणी आतच कोंडून ठेवते. दोन कातड्यांमध्ये अडकलेला प्लाय उन्हात ठेवूनही आतपर्यंत सुकत नाही. वर्षभर तग धरेल, विकायची असेल तर विकलीही जाईल. पण त्या फळीच्या भरवशावर कोणाला डॉल्फिन दाखवायला नेऊ नका.

करवत लावण्यापूर्वी

ट्रान्सम कापला की बोटीच्या दोन्ही बाजू मोकळ्या होतात आणि हळूच बाहेर फाकतात. ते कळतं नवी फळी बसवताना, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आधी बोट सपाट आधारांवर नीट टेका, मागच्या बाजूला दोन्ही काठांना धरणारी आडवी लाकडी पट्टी स्क्रूने ठोका, रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. पुठ्ठ्याचा साचा काढा. फळीची उंची मोजा: लाँग शाफ्ट (लांब पायाच्या) इंजिनाला साधारण २० इंच, शॉर्टला १५. दोन इंच चुकलात तर एक तर प्रोपेलर हवा खाईल नाहीतर इंजिन पाणी उडवत फरफटेल. फळीचा उतारही नोंदवा, तो साधारण १२ ते १४ अंश असतो. बोल्टच्या भोकांचा साचा वेगळ्या कागदावर घ्या. फोटो काढाच, पण फोटोवरून माप निघत नाही.

आतून कापायचं की बाहेरून? मी आतून कापतो, म्हणजे बाहेरचा आकार आणि जेलकोट (वरचा चकचकीत थर) वाचतो. खळगा काढणं शक्य नसेल तर बाहेरून कापा, पण तेव्हा कडेने दोन-तीन इंच बाहेरची कातडी शिल्लक ठेवा, नवी कातडी तिच्यावर चढवायला जागा हवी. करवतीचं पातं किती खोल जातंय ते बघा. एका घाईच्या दुपारी मी आतल्या कातडीबरोबर बाहेरचीही चिरली आहे, त्यामुळे हे अनुभवाचे बोल समजा.

जुनं थोडंसं "बरं दिसतंय" म्हणून ठेवणं

कोपऱ्यात वीतभर प्लाय घट्ट लागला की तो ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नका. मागचे गुडघे (ट्रान्समला टेकू देणारे तुकडे) आणि तळाच्या आडव्या-उभ्या दांड्यांची शेवटची टोकंही खिळ्याने टोचून बघा, कूज तिथपर्यंत गेलेली असते. छिन्नीने सगळं खरवडून कोरडं फायबर दिसेपर्यंत जा.

मग ग्राइंडिंग. आधी ॲसिटोनने पुसा, मग ४० ग्रिटची डिस्क लावा. उलटं केलंत तर तेल, मेण, ग्रीस घासून फायबरमध्येच मुरवाल. कडेचा तिरका उतार जाडीच्या बारापट ठेवा, म्हणजे ६ मिलिमीटर कातडीला सत्तर-बहात्तर मिलिमीटर. फायबरची धूळ ही वेगळीच पीडा आहे. साधा रुमाल चालत नाही, नीट मास्क आणि चश्मा लावा, लांब बाह्यांचा शर्ट घाला, हाताला आधी टाल्कम पावडर चोळा आणि संध्याकाळी पहिली अंघोळ थंड पाण्याने करा. गरम पाण्याने त्वचेची छिद्रं उघडतात आणि रात्रभर खाज सुटते, असं जुने फायबरवाले सांगतात. माझ्यापुरतं ते खरं ठरलंय.

प्लाय

दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणतो, एवढ्यावर घेऊ नका. शिक्का बघा. आयएस (भारतीय मानक) ३०३ हा साधा सामान्य वापराचा प्लाय, तुम्हाला हवा आयएस ७१०, मरीन. कड नीट बघा, आतल्या थरांत फट दिसली तर तो तुकडा परत द्या. कारण प्रत्येक फट म्हणजे पाण्याची टाकी. औषध मारलेलं ओलसर लाकूड टाळा, रेझिन धरत नाही. सागवानाच्या फळीचा आग्रह कोणी धरला तर हसून सोडून द्या, सागाच्या तेलकटपणाला इपॉक्सी नीट चिकटत नाही.

जुनी जाडी मोजून तेवढीच ठेवा. बहुतेक जागी १८ अधिक १८ मिलिमीटर बसतं. जास्त जाड केलंत तर ब्रॅकेटचे क्लँप फळीवर बसणारच नाहीत. इंजिनाच्या पुस्तकात कमाल जाडी दिलेली असते, ती आधी वाचा. आणि फळी तळाला ठासून बसवू नका. चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा ठेवून ती पुट्टीने भरा, नाहीतर बरोबर त्याच रेषेवर तळाला भेग पडते.

रेझिनची खिचडी

बरीच कामं इथेही बिघडतात. मिस्त्रीकडे पॉलिएस्टर रेझिनचा कॅन उरलेला असतो, मालक इपॉक्सी आणतो आणि दोन्ही वापरलं जातं. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला आणि लाकडाला छान चिकटते. इपॉक्सीवर पॉलिएस्टर मात्र नीट धरत नाही. म्हणून एकदा इपॉक्सी सुरू केली की शेवटपर्यंत इपॉक्सी, आणि वर जेलकोट न मारता पॉलियुरेथेन पेंट. पैसे असतील तर मी हेच निवडीन. आणि इपॉक्सीखाली नेहमीची चॉप मॅट (तुकड्या-तुकड्यांच्या फायबरची चटई) टाकू नका. तिला बांधून ठेवणारा गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीने नाही. मॅट कडकच राहते आणि कोपऱ्यात वळत नाही. शिवलेली बायॲक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांची) कापडं घ्या.

सगळं पॉलिएस्टरने करायचं असेल तर तेही जमतं, पण प्लायला आधी थोड्या स्टायरिनने पातळ केलेल्या रेझिनचा हात द्या आणि फळी बसवताना मध्ये भिजवलेली मॅट ठेवा. कोरड्या फळीला रेझिन फासून चिकटवणं म्हणजे भिंतीला पोस्टर लावणं.

एक गोष्ट मात्र कधीच चुकवू नका. पॉलिएस्टर कडक करणारे कोबाल्ट ॲक्सिलरेटर आणि कॅटलिस्ट थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, पेट घेतात, स्फोटही होतो. आधी ॲक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग कॅटलिस्ट, साधारण १ ते २ टक्के. दोघांना वेगळे मग, वेगळ्या काड्या. कॅटलिस्ट डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. इपॉक्सीत उलट आहे: हार्डनर जास्त घातल्याने लवकर सुकत नाही, नुसती मऊ राहते. प्रमाण डब्यावर असेल तेच, वजनाने किंवा मापाने.

मे महिन्यात मोठ्या मगात इपॉक्सी कालवलीत तर मगच धुरायला लागतो. थोडं थोडं कालवा, पसरट थाळीत ओता. आणि प्लायला पहिला हात सकाळी नको, संध्याकाळी द्या. ऊन वाढताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि लेपात बुडबुडे सोडते. गारवा वाढताना तीच हवा रेझिन आत ओढून घेते. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो ॲसिटोनने जात नाही, साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पुढचा लेअर.

चिकटवणं

दोन्ही पृष्ठभागांना साधी इपॉक्सी, त्यावर फ्यूम्ड सिलिका (बारीक पांढरी पूड) घालून घट्ट केलेली. चक्क्यासारखी, पातेलं तिरकं केलं तरी न ओघळणारी. दाते असलेल्या पत्र्याने पसरा. फळीला दर वीतभरावर छोटी भोकं पाडून ठेवा, त्यातून हवा आणि जास्तीची इपॉक्सी बाहेर येते. क्लँप सगळ्या ताकदीने आवळू नका, मधली इपॉक्सी सगळी पिळून निघते आणि सांधा उपाशी राहतो. कडेने सगळीकडून सारखी रेघ बाहेर आली की पुरे. कोपऱ्यांत अंगठ्याएवढी गोलाई पुट्टीने भरा, फायबर काटकोनात वळत नाही, आत पोकळी सोडतं. वरचे लेअर एकाच जागी संपवू नका, प्रत्येक लेअर आधीच्यापेक्षा दोन इंच लांब घ्या.

आता ती भोकं

अर्ध्या इंची बोल्टला थेट अर्ध्या इंचाचं भोक पाडायचं नाही. २० मिलिमीटरचं पाडा, मागून टेप लावून घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, सुकू द्या, मग त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं पाडा. आता बोल्टला लाकूड दिसतच नाही, सील फुटलं तरी पाणी इपॉक्सीच्या नळीतच राहतं. ड्रेनच्या भोकाला हेच करा, पितळी नळी त्यानंतर. फिश फायंडरसाठी तर ट्रान्समला स्क्रूच नको, प्लॅस्टिकचा ठोकळा चिकटवा आणि स्क्रू त्यात मारा. सीलंट पॉलियुरेथेनचं. बाथरूमचं सिलिकॉन नको, कारण ते सुटतं आणि त्या जागी नंतर काहीच धरत नाही. आतून मोठे वॉशर किंवा ॲल्युमिनियमची पट्टी द्या. फळीची वरची कड, जिथे इंजिन टेकतं, तीही फायबरने झाकलेली हवी.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळून बघा, आणि आतून हाताचं बोट फिरवून ओल लागते का तेही.

आमची बोट आता पावसाळ्यात नाळ (पुढचं टोक) वर करून ठेवतो, ड्रेनचा बूच काढून. तो बूच इंजिनाच्या किल्लीलाच सुतळीने बांधलेला असतो, कारण एका ऑक्टोबरात तो न लावताच आम्ही बोट पाण्यात लोटली होती.